बगळ्याचा काळा दगड

समुद्र आजच्याहून बराच दूर होता, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावरचे खेकडे बिळं सोडून टेकडीकडे निघाले होते. ते का जातात याच्या अभ्यासापुरता उपास धरलेला एक म्हातारा बगळा समुद्राकडे पाठ करून बसे आणि प्रत्येकाला विचारी, "का निघालात?"

कुणी म्हणे, "बहीण वर राहते." कुणी म्हणे, "बीळ अपुरं पडतं." पाण्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

पोटाशी अंडी धरलेली एक खेकडीण आली. "अण्णा, पिल्लांसाठी इथंच बीळ खणू का?"

"खुशाल खण. पाण्यामुळे कुणीच गेलेलं नाही."

"मग तुम्ही का सरकलात? आधी त्या काळ्या दगडावर बसायचात."

"तिथं ऊन लागायचं, म्हणून..." बोलता बोलता बगळ्यानं मागं वळून पाहिलं. काळा दगड नव्हताच. क्षितिजापर्यंत पाणी होतं, शांत, चकाकणारं. एवढं अफाट काही आपल्या पाठोपाठ चालत आलं आणि आपल्याला चाहूलही लागली नाही!

"बाई, इथं नको खणूस," तो म्हणाला. "टेकडीवर चल, मीही येतो. वाटेत कुणी मला विचारलं, तर आता उन्हाचं नाव घेणार नाही."