ओळखीची सही

"एका गुन्ह्याला दोन शिक्षा? हा कुठला न्याय, बुवा?"

विश्रामराव कुलथे वकील तावातावानं विचारत होते. दोन वर्षं तुरुंगात काढून आले, तरी ऐट तसूभर कमी झाली नव्हती. सोमवारी शिस्तपालन समिती त्यांची सनद राहणार की जाणार ते ठरवणार होती. सनद गेली की काळा कोट कायमचा खुंटीला.

म्हणून तर तीन दिवस ते मठात मुक्काम ठोकून होते. सोपानगिरी बुवांचा शब्द तालुक्यात कुणी खाली पडू देत नसे. पत्र वकिलांनी स्वतःच टाइप करून आणलं होतं : 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो. गृहस्थ सचोटीचे आहेत.' खाली फक्त बुवांची सही हवी होती.

बुवांनी पत्र वाचलं.

"गुन्हा काय केलात?"

"कसला गुन्हा! एका बाईच्या जमिनीचं खरेदीखत होतं. सही करायला आलेली बाई तोतया निघाली. मी आपली तिच्या ओळखीची सही दिली होती, 'व्यक्तिशः ओळखतो' म्हणून. सगळेच वकील देतात. तोंडं बघत बसलं तर दिवसाला दोन कागद व्हायचे नाहीत."

"आणि खरी बाई?"

"तिनंच तर घात केला. माझ्याविरुद्ध साक्ष दिली. दोन तास पिंजऱ्यात उभी होती."

"दिसली तर ओळखाल?"

"म्हणजे काय! जन्मात विसरणार नाही."

बुवांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"सुगंधाबाई, जरा बाहेर येता?"

पिठाचे हात पुसत एक बाई दारात आली. तीन दिवस वकिलांच्या ताटात भाकरी वाढत होती ती हीच.

"बाई, तुमची जमीन कुठली गेली ते सांगा यांना."

"ओढ्याकाठची. साडेतीन एकर. साहेबांना ठावं हाय की."

विश्रामरावांचा चेहरा पांढराफटक पडला. हिच्या हातचं आपण तीन दिवस जेवलो... मागून मागून जेवलो... आणि एकदाही मान वर केली नाही!

"तुम्ही मला... कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी."

"तरी वाढलंत?"

"पानावर बसल्याला वाढायचंच असतंय, साहेब."



बुवांनी पत्र आणि पेन बाईंपुढे धरलं.

"सही तुम्ही करा. यांना ओळखणारं इथं तुमच्याशिवाय कुणी नाही."