अळणी टॅब

"मग आख्यानसुद्धा पुसलंस का?" गद्रेबुवांनी विचारलं.

सौमित्र थबकला. एवढं सगळं सांगून झाल्यावर बुवा पाठीवर हात ठेवतील, अशी त्याची अटकळ होती.

"आख्यान म्हणजे करमणूकच की, बुवा."

"हं..."

बुवा सोमेश्वराच्या देवळातल्या ओवरीत, खांबाला पाठ टेकून बसले होते. वैशाखातल्या दुपारीही त्यांच्या गळ्याला मफलर होता. आडिवळे गावच्या उत्सवात शेवटच्या दिवशीचं कीर्तन गद्रेबुवांचं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण यंदा त्यांचा गळा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी गायला बंदी घातली. म्हणून आज संध्याकाळी त्यांच्या जागी त्यांचा शिष्य सौमित्र उभा राहायचा होता. एकटा, पहिल्यांदाच.

बुवांच्या शेजारी त्यांच्या झांजा रुमालात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेल्या. आजचं कीर्तन उभं राहिलं, तर त्या सौमित्रच्या हाती जाणार, असं बुवा बोलले नव्हते, पण सगळे तसं धरून चालले होते. आणि पडलं तर? पेटीवाल्या बापू मेस्त्रींनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "पडलं तर झांजा कपाटात आणि इंजिनियर परत कॉम्प्युटरवर."

सौमित्रला त्या झांजा हव्या होत्या. कॉलेज संपल्यापासून त्याला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"पुन्हा सांग," बुवा म्हणाले. "काय काय पुसलंस?"

सौमित्रनं मांडीवरचा टॅब सरळ केला. विंडोजचा, स्वस्तातला, कीबोर्ड चुंबकानं चिकटणारा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, काम आणि करमणूक, दोन्ही एकातच. आणि तसंच चाललं होतं. दिवसा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम, मीटिंगा, रिपोर्ट. संध्याकाळी कीर्तनाची टिपणं. जेवताना मात्र ताटासमोर टॅब उभा करायचा आणि सिनेमा लावायचा. यंत्र बापडं गरीब. दोन कामं एकदम सांगितली की विचारात पडायचं. पोटात जागा इतकी थोडी, की नवा सिनेमा आत घ्यायचा तर जुन्याला बाहेर काढावं लागे.

"सिनेमे पुसले. मालिका पुसल्या. गाणी पुसली." सौमित्रच्या आवाजाला धार आली. "अभंगाचा अर्थ लिहायला बसावं, तर बोट आपोआप सिनेमाकडे जातं, बुवा. ज्यानं लोकांना वैराग्य सांगायचं, त्याच्याच टॅबमध्ये हा बाजार? काल सगळा साफ केला. आता त्यात फक्त काम आहे."

"आणि पत्ते?"

"तेही काढले."

बुवांचा चेहरा उतरला. सौमित्र शिकायला आला की दुपारी ते हक्कानं टॅब मागून घेत आणि एका बोटानं पत्ते लावत बसत.

"लाल राजा अडकून पडला होता रे," ते म्हणाले. "चौकटचा."

"बुवा, मी गंभीरपणे बोलतोय."

"मी पण."

ओवरीच्या टोकाला बापू पेटीचा भाता पुसत होते. त्यांनी मान वर न करता खाकरून घेतलं.

"माझ्या आख्यानांचे व्हिडिओ होते ना त्यात?" बुवांनी विचारलं. "ते जेवताना बघतोस म्हणाला होतास."

सौमित्रनं नजर खाली घातली. "ते... करमणुकीच्या फोल्डरमध्ये होते. सगळंच फोल्डर काढलं."

त्याला वाटलं, आता बुवा चिडणार.

"योग्य फोल्डरमध्ये होते," बुवा म्हणाले.

देवळामागच्या फणसावर खारी भांडत होत्या.

"म्हणजे आज उत्तररंगातलं आख्यान नाही?"

"नाही. पूर्ण वेळ निरूपण." सौमित्र पुढे सरकला. हे सांगायला तो कालपासून उतावीळ झाला होता. "बुवा, लोकांना आपणच बिघडवलंय. पूर्वरंगात अभंगाचा अर्थ सांगायला लागलं की ते जांभया देतात. मध्यंतराची वाट बघतात. कीर्तनकाराला हार घालून झाला, बुक्का लावून झाला, की सावरून बसतात. का? तर आता गोष्ट येणार. लोक येतातच गोष्टीला."

"लोक गोष्टीला येतात."

"तेच तर म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतोय."

सौमित्रनं ओठ आवळले. बुवांशी वाद घालणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

टॅबच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. त्यानं ती बोटानं बाजूला सारली.

"काय म्हणतं ते?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. अपडेट आहे. इतके महिने जागाच नव्हती, म्हणून बाहेर अडकून होतं. काल जागा झाली, तसं आत उतरलं. आता म्हणतंय, एकदा बंद होऊन परत चालू होऊ द्या."

"मग?"

"नंतर."

"त्याला थांबायचंय."

"मला नाही ना थांबायचं, बुवा. संध्याकाळ तोंडावर आलीय."

बुवांनी मान हलवली. मग मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि डोळे मिटून घेतले.

*

दिवेलागणीला सभामंडप भरला. बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला, आणि पोरं अगदी पुढे, जिथून कीर्तनकाराच्या तोंडातली थुंकीसुद्धा चुकत नाही. बापूंनी पेटीवर सूर धरला. बुवा त्यांच्याशेजारी बसले, मांडीवर झांजा घेऊन.

सौमित्र उभा राहिला. अंगरखा नवा, उपरणं नवं. समोर स्टँडवर टॅब.

सुरुवात चांगली झाली. आवाज लागला, नमन झालं. त्यानं वैराग्यावरचा अभंग घेतला आणि पडद्यावर बघत एकेक शब्द सोडवू लागला. लिहिलं होतं सुरेख. एकही वाक्य उसनं नव्हतं. बोटानं पान वर सरकवायचं, वाचायचं, समोर बघायचं, पुन्हा वाचायचं...

पोरांनी आधी एकमेकांना चिमटे काढले. मग ती आयांकडे गेली. मग कुणा आजोबांची मान छातीवर आली.

मध्यंतराची वेळ झाली. उत्सवाचे मानकरी तात्या खोत हातात हार घेऊन उठले, मागे बुक्क्याची वाटी घेऊन पुजारी. सौमित्रनं त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याला थांबायचं नव्हतं. तात्या हार धरून तसेच उभे. बसावं की पुढे व्हावं, त्यांना कळेना.

"आणि म्हणून," सौमित्र म्हणाला, "ज्यानं सगळं टाकलं, त्याच्यापाशी..."

पान सरकवायला त्यानं बोट टेकवलं.

पडदा निळा झाला. मधोमध पांढरे ठिपके गोल गोल फिरू लागले. खाली ओळ आली, अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका.

"त्याच्यापाशी..." सौमित्र म्हणाला.

त्यानं पडद्यावर टिचकी मारली. मग बटण दाबून धरलं. ठिपके शांतपणे फिरत राहिले. त्यांना काय त्याचं.

"त्याच्यापाशी..."

पुढचं वाक्य त्यानंच लिहिलं होतं. तीनदा खोडून लिहिलं होतं. ते कुठेच नव्हतं. ना पडद्यावर, ना डोक्यात. मागचंही नव्हतं.

बापूंनी सूर धरून ठेवला होता, पण त्यांची नजर बुवांकडे होती.

सौमित्रनं टॅब स्टँडवरून उचलला आणि दोन्ही हातांनी हलवला. पोरांतून कोणीतरी खुदकन हसलं.

बुवा उठले. गुडघ्यावर हात देत, सावकाश. जवळ आले. त्याच्या हातातून टॅब काढून घेतला, आणि त्या रिकाम्या हातांत झांजा ठेवल्या.

परत जागेवर जाऊन बसले. निळा पडदा मांडीवर, वर बघणारा.

तात्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी पुढे होऊन हार घातला. पुजाऱ्यानं कपाळाला बुक्का लावला आणि वाटी फिरवायला निघाला. बापूंनी नामजप उचलला, लोकांनी तो झेलला. सौमित्रच्या हातातल्या झांजा आधी चाचरत, मग तालात वाजू लागल्या.

जप थांबला. लोक सावरून बसले. पोरं आयांच्या मांडीवरून घसरून पुन्हा पुढे आली.

सौमित्रनं बुवांकडे पाहिलं. बुवा मांडीवरचे ठिपके बघत होते.

आता काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"एक राजा होता," सौमित्र म्हणाला.

आणि लगेच त्याला कळलं, आपण काय सुरू करून बसलो ते. अळणी राजाचं आख्यान. बुवांचं. भात कालवता कालवता कितीदा पाहिलेलं.

"राजाला वैराग्य आलं. म्हणाला, आजपासून मी मीठ सोडलं. प्रधान म्हणाला, वा महाराज. राजाला तो 'वा' इतका गोड लागला, की त्यानं दवंडी पिटवली, साऱ्या राज्यानं मीठ सोडावं..."

पुढचं शोधावं लागलं नाही. आमटी अळणी झाली, लोणची नासली, मिठाला चटावलेल्या गाई राजवाड्याच्या भिंती चाटू लागल्या. गाय भिंत कशी चाटते, ते सौमित्रनं करून दाखवलं. तसं करायचं त्यानं मुळीच ठरवलं नव्हतं. पोरं गडबडा लोळली. झोपलेले आजोबा जागे होऊन शेजाऱ्याला विचारू लागले, काय झालं, काय झालं.

"सगळं राज्य सुतकात असल्यासारखं जेवायचं. तोंड उघडून बोलायची कोणाची छाती नव्हती. आणि एक दिवस राजानं भुरका मारला आणि पानावरच थबकला. म्हणाला, आज आमटीला चव कशी आली? आचाऱ्याला धरून आणा..."

इथे बुवा नेहमी थांबत. सौमित्रही थांबला.

"आचारी थरथरत आला. म्हणाला, महाराज, मीठ नाही घातलं. शपथेवर सांगतो. माझा पोरगा चार दिवस जेवला नाही. त्याचा विचार मनात आला, डोळे भरून आले, आणि मी वाकून आमटी ढवळत होतो..."

बायकांच्या बाजूनं पदर डोळ्यांकडे गेले. बापूंनी सूर खाली आणला.

*

आरती झाली. माणसं पांगली. तात्या खोत जाता जाता सौमित्रला म्हणाले, "हार धरून हात अवघडले हो आमचे," आणि हसले. बापूंनी पेटी बंद करून खोळीत घातली. "इंजिनियर," ते म्हणाले, "गाय बरी केलीस," आणि तेही गेले.

ओवरीत दोघंच उरले. बुवा प्रसादाचा नारळ चावत होते. टॅब त्यांच्या शेजारी होता. तो आपला आपण जागा झाला होता. पडद्यावर निरूपण तसंच्या तसं होतं, जिथे तुटलं नेमकं तिथेच.

सौमित्रनं ते वाचलं. वाक्य सुरेखच होतं.

"बुवा..."

"हं."

"जे पुसलं, तेच आलं. जे जपून ठेवलं, त्यातलं अक्षर आलं नाही." तो थांबला. "मग मी काल साफ काय केलं?"

बुवांनी खोबऱ्याचा तुकडा या गालातून त्या गालात नेला.

सौमित्रनं झांजा पुसल्या, रुमालात गुंडाळल्या आणि दोन्ही हातांनी बुवांपुढे धरल्या.

"तुमच्या झांजा."

बुवांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांनी टॅब मांडीवर ओढला आणि त्यावर उडालेला बुक्का उपरण्याच्या टोकानं पुसू लागले.

"राहू देत तुझ्याकडेच. मला हात मोकळे हवेत."

"कशाला, बुवा?"

बुवांनी टॅब त्याच्यापुढे धरला.

"यात पत्ते परत घाल."