मल्लाची जोड

फार पूर्वी, राजे जत्रेला येत आणि लोकांबरोबर मातीतच बसत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक मल्ल होता. एवढा धिप्पाड, की तो तालमीच्या दारात उभा राहिला की आत अंधार पडे. बारा वर्षांत त्याच्या पाठीला माती लागली नव्हती.

त्याच्यात खोट एकच. पडलेल्याला तो हात देत नसे. पाडायचं आणि पाठ फिरवायची. लोक टाळ्या वाजवीत, म्हणून त्याला ते बरोबरच वाटे. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा आखाड्यात येईना. आणि हळूहळू न पडलेलेही येईनासे झाले.

त्या राज्याची एक रीत होती. सलग तीन जत्रा जो लढला नाही, त्याची मानाची गदा देवळात ठेवायची आणि त्याचं नाव पुकारणं बंद करायचं. मल्लाच्या दोन जत्रा कोरड्या गेल्या होत्या. राजालाही वाईट वाटलं. त्याने मल्लाशी कुस्ती खेळायला जोड पाहिजे, अशी दवंडी पिटवली.

दवंडीवाला गावोगाव हिंडला. शेवटच्या गावी पोचेपर्यंत त्याचा घसा बसला होता, म्हणून त्याने दवंडी जरा आखडती घेतली. "ऐका हो ऐका! थोरल्या मल्लाला जोड पाहिजे! ज्याच्याकडे असेल त्याने पुनवेला राजाकडे आणावी!"

ते गाव पाथरवटांचं. तिथे तालीम नव्हती, कुस्ती कुणी पाहिली नव्हती. जोड म्हणजे त्यांच्या लेखी दोनच गोष्टी: जात्याच्या एका तळीवर नीट बसेल अशी दुसरी तळी, नाहीतर लग्नाची मुलगी.

"तळीच असणार," गावातला म्हातारा म्हणाला. "माणूस मोठा, खाणार मोठं, दळणार मोठं."

"आणि मुलगी मागितली असली तर?" एका पाथरवटाने विचारलं. त्याच्या घरी लग्नाची लेक होती.

"मग दोन्ही ने की. नको असेल ते परत आण."

गाडीत बसण्याआधी लेकीने मल्लाची उंची विचारून घेतली. नवऱ्यासाठी विचारते आहे की दगडासाठी, ते तिने सांगितलं नाही.

पुनवेला पाथरवट तळी आणि लेक दोन्ही घेऊन राजापुढे आला, तसा दरबार पोट धरधरून हसला. मल्ल हसला नाही. "हिच्याशी लढू की काय मी?" तो म्हणाला.

"ते लग्नानंतर बघू," ती म्हणाली.

तेव्हा मात्र मल्लालाही हसू आलं. लग्न झालं. दगडाची तळी अंगणात पडून राहिली. रोज संध्याकाळी मल्ल तिच्यावर बसे आणि तिसऱ्या जत्रेला किती दिवस उरले ते मोजत राही.

एकदा ती म्हणाली, "अहो, या दगडाचा उपयोग काय?"

"बसायला बरा आहे."

"तेच म्हणते मी. एकट्या तळीवर माणसं नुसती बसतात. दळायचं तर दुसरी लागते."

"दुसरी मिळत नाही म्हणूनच तर दवंडी पिटली ना?"

"जोड मिळत नसते. आमच्याकडे ती टाकी मारून मारून घडवतात."

मल्ल ताठ झाला. "माझेच डाव शिकवून माझ्याच समोर माणूस उभा करू? आणि त्याने मलाच पाडलं तर?"

"तर कुस्ती झाली असं लोक म्हणतील. सध्या काय म्हणतात?"

मल्ल दोन दिवस तळीवर बसायला आला नाही. तिसऱ्या दिवशी तो एका कडबेवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हा पूर्वीचा पैलवान. चार वर्षांपूर्वी मल्लाने त्याला पाडलं होतं आणि त्याचा खांदा निखळला होता. मल्लाने हात पुढे केला.

कडबेवाल्याने त्या हाताकडे नीट पाहून घेतलं. "चार वर्षं लागली होय रे एवढ्याशा कामाला?"

पण हात त्याने धरला.

मग मल्लाने त्याला एकेक डाव दाखवला, त्याची तोडही दाखवली. आपण कुठे उघडे पडतो, तेसुद्धा लपवलं नाही. कडबेवाला पडला की मल्ल स्वतः त्याला उठवी. सुरुवातीला ते त्याला नीट जमत नसे. उचलताना तो माणूस पुन्हा पडायचा.

तिसऱ्या जत्रेत कुस्ती दोन घटका चालली. शेवटी, मल्लानेच शिकवलेल्या डावावर मल्लाची पाठ मातीला लागली. कडबेवाल्याने वाकून हात दिला. तो धरून उठता उठता मल्ल म्हणाला, "पाय अजून जरा आत टाकायचा."

गदा कडबेवाल्याकडे गेली. घरी बायकोने नवऱ्याची पाठ पाहिली. "चला," ती म्हणाली, "बारा वर्षांनी घासायला काहीतरी मिळालं."

पुढच्या महिन्यात पूर्वी पडलेले सात जण तालमीत परत आले. त्यांच्यासाठी दळायचं म्हणून अंगणातल्या तळीला तिने दुसरी तळी घडवली. पुढच्या जत्रेला चार कुस्त्या लागल्या, त्याच्या पुढच्या जत्रेला वीस.

मल्ल म्हातारा झाला आणि यथाकाळ गेला. त्याने किती जणांना पाडलं, ते आता कुणाला आठवत नाही. पण त्या राज्यात आजही पडलेल्याला हात देतात, आणि त्या हाताला 'थोरल्याचा हात' म्हणतात. प्रत्येक कुस्तीत तो द्यावाच लागतो. त्यामुळे त्याचं नाव पुकारणं काही बंद झालं नाही.

तात्पर्य: आपल्या तोडीचा माणूस मिळत नसेल तर तो घडवावा, एकटा दगड कितीही मोठा असला तरी बसायच्याच कामाचा.