धुराड्यावरचा पत्रा

एक गुळव्या हुता, आण्णाप्पा नावाचा. काहिलीतल्या रसाचा गूळ कधी झाला हे सांगणारा गुळव्या, त्याच्या शब्दाबिगर काहील हलायची न्हाई. त्याच्या हाताखाली रायगोंडा, वय अठ्ठावीस. दहा वर्षं काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारली, वर बिडी. ह्या हंगामाला डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, एम्फिसीमा हाय. फुप्फुसं फुगून सैल पडल्यात, जुनी हवा आतच अडकून बसती. गेलं ते परत यायचं न्हाई. बिडी सोड, धुरात बसू नको, औषधाचा पंप वढ, व्हटाचा चंबू करून हळू फुंकर सोड.

बिडी सोडली गड्यानं. पण चारचौघांत पंप काढायला लाज! म्हातारं काठी घेतंय, त्याला कोण हसतंय का? डोंबलाची लाज.

एक दिवस गुऱ्हाळावर आला त्यो दम लागूनच. तोंड वासून नुसता आत वढतोय. म्हणाला, "आप्पा, संपलो मी. तुमच्यागत गुळव्या व्हायचं हुतं. आता खाट धरतो."

आप्पानं त्याला लांब, वाऱ्याच्या अंगाला बसवला. मग दुसऱ्या गड्याला सांगून धुराड्यावर पत्रा टाकला आणि सोता चुलवाणात चिपाडं कोंबत सुटला. जाळ वाढायचा सोडून विझाय लागला. रस थंडावला. मालक बोंबलत आला.

"आप्पा, याड लागलं का?" रायगोंडा वरडला. "धूर भायेर जाईना, मग जाळाला वारं कुठनं मिळंल? पत्रा काढा त्यो!"

पत्रा निघाला. धूर गेला, जाळ भडकला.

आप्पा घाम पुसत त्याच्याजवळ आला. "चुलीचं कळतंय, सोताचं कळंना व्हय मर्दा? मगाधरनं आतच वढतोयस. आधी जुनं भायेर सोड. काढ पंप."

रायगोंडानं सगळ्यांदेखत पंप वढला. मग व्हट चिमटून सावकाश फुंकर सोडत बसला. दम हळूहळू खाली आला.

"पर धुरात जायचं न्हाई, मग मी गुळव्या कसा हुणार?"

आप्पानं वाटीत गार पाणी घेतलं, काहिलीतला पाक त्यात टाकला आणि वाटी त्याच्यापुढं आणून ठेवली. "हितंच बसून सांग."

रायगोंडानं पाण्यात बोटांनी गोळी वळली. मऊ लागली. "न्हाई अजून." दुसऱ्या वाटीलाबी न्हाई. तिसरीला गोळी वाटीवर आपटली तशी टणकन वाजली. सगळे गडी त्याच्या तोंडाकडं बघत हुबे. त्यानं फुंकर सोडली, दम घेतला.

"उतरवा!"

काहील उतरली.

आप्पा हसला. "गुळव्याला येवढाच शब्द बोलायचा असतोय लेका. तेवढा दम हाय तुझ्यात."

दम थोडा असंल तर कामाला लावा. लाज झाकण्यात घालवू नका.