पारावरचं पागोटं

साथीने माणसं मेली असं म्हणणारे अर्धंच खरं सांगतात. बरीचशी माणसं कोणाच्या तरी हट्टापायी मेली, आणि तो हट्ट करणारे आजही मानाने मिरवतात.

एका गावात असंच घडलं. गावात दोन तट होते, वरचा आणि खालचा. कारभार कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. दर पाडव्याला कारभाऱ्याने डोक्यावरचं पागोटं काढून पारावर ठेवायचं, अशी रीत होती. कोणीही उठून जाब विचारावा. आणखी एकाने उठून ‘माझाही हाच सवाल’ म्हटलं, की उत्तर दिल्याशिवाय पागोटं परत मिळायचं नाही.

एका साली गावात तापाची साथ आली. वैद्यांनी बजावलं, गर्दी करू नका. पण वरच्या तटाच्या कारभाऱ्याने देवीची पालखी काढलीच, नाहीतर विरोधक त्याला भित्रा म्हणाले असते. मग खालच्या तटाने ईर्ष्येने गावपंगत घातली. हलगी वाजवायला दोन्हीकडे सगुणाचा नवरा होता. आठवड्याभरात तो गेला. त्याच्यामागे कितीतरी घरांत रडारड झाली.

पाडव्याला कारभाऱ्याने पागोटं पारावर ठेवलं आणि म्हणाला की गाव दुःखात आहे, सुतकाच्या घरात कोणी कोणाची उणीदुणी काढत नाही. एरवी त्याच्या उरावर बसणारा खालच्या तटाचा पुढारी सगळ्यांत आधी मान डोलावू लागला.

सगुणा उठली. सासूने तिचा पदर ओढला. “बस गं खाली. गेलेला काय परत येणाराय?”

“ते नाही येणार, आत्याबाई. ताप येईल.”

मग ती पाराकडे वळली. “वैद्यांनी नको म्हटलं होतं. तरी पालखी का निघाली? पंगत का बसली?”

कारभारी म्हणाला, देवीची इच्छा. पुढारी म्हणाला, आमच्या हातात कारभार होता कुठे?

आता फक्त आणखी एका माणसाने उठायला हवं होतं. सगुणाने मागे पाहिलं. वरच्या तटाच्या लोकांना वाटलं, आपण उठलो तर समोरच्यांचं फावेल. खालच्या तटाच्या लोकांना आपण पंगतीला जेवलो होतो ते आठवलं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं, तेही आपापल्या पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले. पाय भरून येईपर्यंत सगुणा एकटीच उभी होती. शेवटी कारभाऱ्याने पागोटं उचललं, झटकलं आणि डोक्यावर चढवलं.

पुढच्या साली ताप पुन्हा आला. या खेपेला कारभाऱ्याने वैद्यांना बोलावलंसुद्धा नाही. आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. पालखी निघाली. पंगतही बसली.

तात्पर्य: ते सांगितलं गावच्या कुंभाराने. तिरडीपुढे धरायची मडकी घडवून घडवून त्याचे हात सुजले होते. तो म्हणाला, “मागल्या साली त्यांनी मारलं, असं म्हणायची सोय होती. औंदा मारणाऱ्यांत आपणबी आहोत.”