फक्कीची गोल रेघ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे गवंड्याचंही ऐकून घेत.

अशाच एका राजाला वाटलं, कोणत्याही धर्माच्या माणसाला शांत बसता येईल अशी एक जागा आपल्या राज्यात असावी. त्याने डोंगरावरची देवराई निवडली. तिथून वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. मधोमध एक जुना आंबा होता आणि त्याच्या मुळांशी झरा. खालचं अख्खं गाव त्या झऱ्यावर जगत होतं.

जागा ठरली आणि चार पंथांच्या चार वडीलधाऱ्यांचं भांडण जुंपलं. एकाला पूर्वेला दार हवं, दुसऱ्याला पश्चिमेला. तिसऱ्याला उंच शिखर, चौथ्याला चारी बाजूंनी भिंत. अशी तीन वर्षं गेली. शेवटी राजा वैतागून स्वतः राईत आला.

"आज सूर्य मावळायच्या आत एकमत झालं नाही, तर राई तोडून लाकूड कोठारात टाका!"

गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला पुढचं दिसलं. राई गेली की झरा जाणार, आणि झरा गेला की गाव. पण तो शांतपणे म्हणाला, "महाराज, पाया खणण्याआधी आम्ही जमिनीवर चुन्याच्या फक्कीने घर आखतो आणि घरधन्याला आत बसवतो. तेवढं करू द्या."

ज्याला जसं बांधकाम हवं होतं, तशा त्याच्या भिंती गवंड्याने पांढऱ्या फक्कीने आखून दिल्या. कुणालाच नाही म्हटलं नाही. दुपारपर्यंत रेघांवर रेघा चढल्या.

"चौघांच्याही भिंती आंब्यातून जातात," गवंडी म्हणाला. "आंबा पाडावा लागेल."

"पाडा!" चौघे एका सुरात म्हणाले. तीन वर्षांत एकमत झालं, ते एवढ्यावर!

कुऱ्हाडवाल्यांना बोलावणं गेलं. ऊन मी म्हणत होतं. चौघे झऱ्याचं पाणी प्याले आणि त्याच आंब्याच्या सावलीत टेकले. ज्याला जिकडे तोंड करायचं होतं, तिकडे त्याने केलं. कुणी डोळे मिटले, कुणी ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणू लागलं. कुणाचा कुणाला अडथळा होत नव्हता.

गवंडी फक्कीची टोपली घेऊन उठला. चौघांना आणि आंब्याला मिळून त्याने एकच गोल रेघ मारली.

"महाराज, आखणी झाली. घरधनी आत बसलेत. कुणाला काही अडत असेल तर आत्ताच सांगावं."

भिंत मागणाऱ्या चौथ्याने वर आंब्याकडे पाहिलं आणि शरमेने मान खाली घातली. "गवंडीबाबा," तो म्हणाला, "तेवढं त्या कुऱ्हाडवाल्यांना परत पाठवा."

त्या रेघेवर गुडघ्याएवढा दगडी कट्टा झाला. त्याला ना दार, ना छप्पर. बाकीच्या रेघा चार दिवसांत वाऱ्याने पुसून नेल्या. झरा मात्र आटला नाही, आणि कट्ट्यावर येणारा प्रत्येक जण आधी त्याचं पाणी पिऊन मगच बसू लागला.

लहानथोरांनो, गोष्टीचं सार एवढंच: देवासाठी जागा करायची असेल, तर आधी आपली भिंत मागे घ्यावी.