कीर्तिमंडपातला शेवटचा खांब

फार जुनी गोष्ट, मंडळी. इतकी जुनी, की त्या नदीचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. नदीच्या अलीकडे एक राज्य होतं, पलीकडे दुसरं. सुगी आटोपली की दोन्ही काठांचे गडी कोरड्या वाळूत उतरत आणि चामड्याचा चेंडू पायाने खेळत. हात लावायचा नाही. समोरच्यांच्या दोन बांबूंमधून चेंडू गेला की गोल! मग काठावर ढोल आणि गुलाल.

अलीकडच्या काठावर दगडी कीर्तिमंडप होता. एकेका खांबावर एकेका थोर खेळाडूची मूर्ती, आणि प्रत्येक मूर्तीच्या पायाशी चेंडू. निवडीची रीतच तशी होती. सगळा गाव चौकात जमायचा, दवंडीवाला विचारायचा, "कोण आठवतो?" ज्याच्या नावाचा गलका मोठा, त्याला खांब. आणि गलका नेहमी गोल करणाऱ्याचाच होई.

आता मंडपात एकच कोरा खांब उरला होता.

त्या खांबावर एका म्हाताऱ्याचा जीव होता. तो घोंगड्या विणायचा. तरुणपणी तो आपल्या बांबूंपुढे उभा राहून चेंडू अडवायचा. जन्मात त्याने एकही गोल केला नव्हता. "मला कशाला हवाय खांब?" असं तो चारचौघांत म्हणे, पण बाजाराला जाताना वाट वाकडी करून त्या कोऱ्या दगडावर हात फिरवून येई.

निवडीचा दिवस उजाडला. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती.

"कोण आठवतो?"

"सोनपाया! सोनपाया!" गावाने घसा फोडला. सोनपाया म्हणजे विणकराच्याच संघातला गोल करणारा गडी. त्याच्याही मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या.

विणकराच्या म्हातारीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, बोला की काहीतरी!"

"अगं, स्वतःच्या नावाने स्वतःच ओरडू?"

"मग मी ओरडते!" आणि ती ओरडलीही. पण एका आवाजाचा गलका होतो थोडाच? शेजारचा एकजण हसून म्हणाला, "आजी, यांनी गोल किती केले ते तरी सांगा!"

सगळे हसले. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी सावरली, मान खाली घातली आणि तो निघाला.

तेवढ्यात राज्याची तरुण राणी उभी राहिली. दूरदेशी शिकून ती नुकतीच परतली होती. "थांबा," ती म्हणाली. "मी पलीकडच्या काठावरून आले. तिथे मुलं चेंडू खेळताना भांडत होती. 'आज मी भिंत होणार!' 'काल तूच होतास, आज माझी पाळी!' ही भिंत कोण, सांगाल मला?"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"मग पलीकडच्यांनाच विचारू. मी त्यांना बोलावलंय."

प्रधान चपापले. "राणीसाहेब, हरलेल्यांना विचारायचं? असं कधी झालं नाही."

"प्रधानजी, कुठल्या दगडाची ठेच लागली, ते ठेचकाळलेल्यालाच ठाऊक असतं."

नावा काठाला लागल्या. पलीकडचा म्हातारा नायक चौकात आला. त्याचं नाक मोडलेलं होतं. त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि थेट जाऊन विणकराची वाट अडवली.

"निघालास कुठे? जन्मभर आम्हाला पुढे जाऊ दिलं नाहीस, आज मी तुला जाऊ देईन होय?"

मग तो गावाकडे वळला. "तुमचा सोनपाया चपळ, कबूल. त्याने आम्हाला हरवलं. पण यानं आम्हाला कधी जिंकूच दिलं नाही! हे नाक याच्याच गुडघ्यावर फुटलं. आणि यानंच मला पाठीवर घेऊन नावेपर्यंत पोचवलं. आमची पोरं जी होण्यासाठी भांडतात, ती भिंत म्हणजे हाच."

सोनपाया पुढे आला. खांब तर जवळजवळ त्याचाच झाला होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी बेधडक पुढे धावायचो, कारण मागे वळून बघायची गरजच नव्हती. मागे हा होता. आता ओरडा की याच्या नावाने! घसे बसले काय?"

आणि काय तो गलका! दोन्ही काठ एका आवाजात गर्जले. ढोल घुमले, झाडांवरचे बगळे उडाले. म्हातारा हसतही होता आणि घोंगडीने डोळेही पुसत होता. म्हातारी मघाच्या त्या शेजाऱ्याला शोधत होती.

मूर्तिकार मात्र अडला. "यांच्या पायाशी चेंडू नाही. मग कोरू काय?"

"पाठ कोर बाबा," म्हातारी म्हणाली. "गावाकडे पाठ, नदीकडे तोंड. जन्मभर असेच तर उभे होते ते."

तशीच मूर्ती घडली. नावेतून येणाऱ्याला आधी तोच चेहरा दिसतो. गावकऱ्यांना मात्र तो पाहायचा तर खांबाला वळसा घालावा लागतो. मुलं वळसा घालतात, वर बघतात आणि वाळूकडे धावत सुटतात: "आज मी भिंत होणार!" पुढे मंडपाला नवे खांब जोडले, आणि निवडीच्या दिवशी दवंडीवाला पहिला प्रश्न हरलेल्यांना विचारू लागला.

तात्पर्य: जिंकून देणारा सगळ्यांना दिसतो, हरू न देणाऱ्याला मात्र वळसा घालून शोधावं लागतं, आणि तेवढाच मान द्यावा लागतो.